मोरचुदाचे बोर्डो मिश्रण: खडा निवडण्यापासून फवारणीपर्यंत

बुरशीच्या रोगांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचे प्रमाण बागायतदारांना तोंडपाठ असते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तरीही एकाच गावात एकाची बाग राखली जाते, दुसऱ्याची कोवळी पाने करपतात आणि तिसऱ्याचा फवारा पहिल्याच सरीबरोबर धुऊन जातो. तिघांनी खडे एकाच दुकानातून आणलेले असतात. फरक पडतो तो पिंपात काय घडले यामुळे, आणि पिंपाशी उभे राहायला कोणी तयार नसते. मजुरांना सांगून मालक दुसऱ्या कामाला जातो. हा लेख त्या पिंपाशेजारच्या तासाभरासाठी आहे.

आधी मोरचुदाची ओळख

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. आपल्याला मिळणाऱ्या निळ्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. वजनाच्या हिशेबाने खड्यात तांबे साधारण २५.५ टक्के आणि पाणी सुमारे ३६ टक्के. म्हणजे किलोभर मोरचूद घेतले की त्यात पाव किलो तांबे आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी आपण विकत घेतो. खडा तव्यावर तापवला की पाणी निघून जाते आणि त्याची पांढरी भुकटी होते. त्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी. दहावीच्या प्रयोगशाळेत हे बहुतेकांनी पाहिलेले असते.

बागेच्या दृष्टीने तीन गुण महत्त्वाचे. पहिला, मोरचूद पाण्यात चांगले विरघळते. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात तीनशे ग्रॅमहून जास्त मावते. दुसरा, त्याचे द्रावण आम्ल असते. ते तसेच पानावर मारले तर पान जळते, कारण विरघळलेले तांबे सगळेच्या सगळे एकदम पानात शिरते. तिसरा, लोखंड दिसले की द्रावणातले तांबे त्यावर जाऊन बसते आणि लोखंड विरघळू लागते. यातला दुसरा गुण चुना का लागतो ते सांगतो. तिसऱ्यामुळे लोखंडी पिंप बाद होते, आणि त्याच गुणावर मिश्रणाची सगळ्यात जुनी परीक्षाही उभी आहे.

चुन्याशी गाठ पडली की मोरचुदातले तांबे विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर येते आणि अतिशय बारीक, आकाशी रंगाच्या साक्याच्या रूपात पाण्यात तरंगते. हा साका पानावर वाळला की पातळ पापुद्रा बनून चिकटतो. दव पडले, पाऊस झाला की त्यातून तांबे अगदी थोडे थोडे सुटते. पानाला ते पुरेसे सौम्य असते, पण पाण्याच्या थेंबात रुजू पाहणाऱ्या बुरशीच्या बीजाणूला तेवढेही मारक ठरते. तांबे बीजाणूत शिरून त्याची विकरे (एन्झाइम) निकामी करते.

यातूनच एक गोष्ट निघते, जी अनेकदा सांगूनही विसरली जाते: बोर्डो पानाच्या आत जात नाही. बुरशी एकदा पानात घुसली की वरचा निळा थर तिला काही करू शकत नाही. हे औषध रोग यायच्या आधी लावायचे असते. बागेत डाग दिसल्यावर मोरचूद आणायला धावणाऱ्याने निदान निरोगी पाने वाचतील एवढीच अपेक्षा ठेवावी.

या मिश्रणाचा जन्म फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या द्राक्षमळ्यांत झाला. तिकडे १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या द्राक्षरोपांबरोबर डाऊनी, म्हणजे आपल्याकडचा केवडा हा बुरशीचा रोग, शिरला होता. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत आहेत आणि आतल्या वेलींची झडून गेली आहेत. रस्त्याने जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून त्या विषारी दिसतील अशी व्यवस्था केली होती. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायों यांच्या मदतीने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. भारतात म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डोचा वापर रुजवला. कोकण-गोव्यातल्या पोफळीच्या बागांत आजही तोच उपाय पहिला मानला जातो.

खडे विकत घेताना

चांगले मोरचूद गडद निळे, चकचकीत, कडा असलेले असते. कोरड्या हवेत राहिल्याने खड्यावर पांढरट पूड आली असेल तर घाबरू नये; वरच्या थरातले पाणी उडालेले असते एवढेच. हिरवट झाक मात्र संशयाची. त्यात बहुधा हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, मिसळलेले असते. पाकिटावर तांब्याचे प्रमाण छापलेले पाहावे. ते किमान २४ टक्के असायला हवे. सुटे, बिनलेबलाचे मोरचूद दोन पैसे स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये आणि बिल घेतल्याशिवाय दुकानातून हलू नये.

संशय आला तर घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. चिमूटभर मोरचूद काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवा आणि उघड्या हवेत, नाक लांब ठेवून, त्यात अमोनियाचे द्रावण थेंब थेंब टाकत जा. आधी फिकट निळा साका येतो. आणखी अमोनिया टाकला की तो विरघळून गडद जांभळट निळे, स्वच्छ द्रावण तयार होते. तळाशी मळकट हिरवा किंवा तांबूस तपकिरी गाळ उरला तर माल भेसळीचा. तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

चुना: निम्मे अपयश इथेच

मोरचूद पारखून घेणारा माणूस चुना मात्र हाताला लागेल तो उचलतो. रंगकामातून उरलेली, वर्षभर पडून राहिलेली भुकटी चालवली जाते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडूसारखा निष्क्रिय होतो. अशा चुन्याने मोरचुदाची आम्लता पुरती मोडत नाही आणि पाने जळतात.

कळीचा चुना घ्यावा. ढेकळे घट्ट, वजनाला हलकी आणि पांढरी असावीत. एका ढेकळावर थोडे पाणी टाकल्यावर ते काही मिनिटांत सुरसुरून, तापून, फुटून पीठ व्हायला हवे. नुसते ओले होऊन बसले तर तो चुना मेलेला. बाजारात पिशवीबंद विरलेला चुनाही मिळतो. तो ताजा आणि हवाबंद असेल तर चालतो, फक्त कळीच्या चुन्याच्या तुलनेत तो वजनाने साधारण एक तृतीयांश जास्त घ्यावा लागतो, कारण त्यात पाणी आधीच मुरलेले असते.

चुना विरवताना भांडे लोखंडी घमेले किंवा मातीचे असावे. प्लॅस्टिकची बादली या उष्णतेने वाकते. डोळ्यांवर चष्मा हवाच. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि गावाकडे ही गोष्ट जितकी हलक्यात घेतली जाते तितकी ती हलकी नाही. लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

१०० लिटर, एक टक्का: कृती

लागणाऱ्या वस्तू: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, दोन प्लॅस्टिकची पिंपे, मिश्रणासाठी तिसरे मोठे पिंप, लाकडी काठी, गाळायला जुने धोतर किंवा नायलॉनची बारीक जाळी, रबरी हातमोजे, पीएच कागद आणि साध्या लोखंडाचा घासून चकचकीत केलेला विळा.

१. आदल्या संध्याकाळी मोरचूद फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि ५० लिटर पाण्याच्या पिंपात काठीला अशी टांगा की ती पाण्याच्या वरच्या थरात बुडेल. तळाशी टाकू नका. विरघळलेले द्रावण पाण्यापेक्षा जड असल्याने आपोआप खाली उतरते आणि खड्याला सतत ताजे पाणी मिळते. सकाळपर्यंत पुरचुंडी रिकामी होते. खडे तळाशी पडले तर त्यांच्याभोवती दाट द्रावणाचा थर साचतो आणि ते तासन्‌तास तसेच राहतात. घाई असेल तर खडे कुटून थोड्या गरम पाण्यात विरघळवावेत, मग ५० लिटर करावेत आणि पूर्ण गार होऊ द्यावेत.

२. चुनाही आदल्या संध्याकाळीच विरवा. आधी ढेकळे भिजतील एवढेच पाणी, ती फुटून पीठ झाले की आणखी थोडे, मग दाट कालवण. एकदम भरपूर पाणी ओतले तर चुना बुडतो, तापत नाही आणि खडा खडाच राहतो. सकाळी ते कालवण ५० लिटर पाण्यात मिसळून चुन्याची पांढरी निवळी करा.

३. निवळी गाळा. न विरलेले कण इथे राहिले तर पुढे नोझलमध्ये अडकतात आणि भर उन्हात दर दहा मिनिटांनी पंप उघडावा लागतो.

४. दोन्ही द्रावणे गार आहेत याची आत हात बुडवून नव्हे, पिंपाला बाहेरून हात लावून खात्री करा. गरम चुना मोरचुदाला भेटला तर आकाशी साक्याऐवजी काळपट तांब्याचा ऑक्साइड तयार होऊ लागतो. तो जड, भरड आणि निरुपयोगी.

५. आता तीन माणसे हवीत. एकाने मोरचुदाचे, दुसऱ्याने चुन्याचे पाणी एकाच वेळी, सारख्या धारेने तिसऱ्या पिंपात ओतावे. तिसऱ्याने काठीने ढवळत राहावे. मनुष्यबळ नसेल तर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे. चुना मोरचुदात ओतू नये. तसे केले तर सुरुवातीचा बराच वेळ मिश्रण आम्ल राहते आणि साका जाडाभरडा होऊन तळाला बसतो.

६. दोन्ही द्रावणे पातळ असतानाच मिसळा. पाच-पाच लिटरमध्ये दाट करून एकत्र करायचे आणि नंतर पाणी घालून शंभर लिटर करायचे, हा शॉर्टकट सर्रास चालतो. त्याने साका भरड होतो, पानावर नीट पसरत नाही आणि पावसात टिकत नाही. बोर्डोची सगळी चिकाटी कणाच्या बारीकपणात आहे, म्हणून या पायरीवर पाणी वाचवू नये.

नीट जमलेले मिश्रण स्वच्छ आकाशी रंगाचे, दुधासारखे एकजीव दिसते. ग्लासात काढून ठेवले तर साका अगदी सावकाश खाली बसतो. पाच मिनिटांत वर पाणी आणि खाली गाळ असे दोन थर पडले तर कुठेतरी चुकले आहे.

परसबागेसाठी १० लिटर करायचे तर दोन्ही वस्तू १०० ग्रॅम आणि पाणी पाच-पाच लिटर. १६ लिटरच्या पाठपंपाला १६० ग्रॅम. अर्धा टक्का हवा असेल तर १०० लिटरला ५०० ग्रॅम. किलोची गोष्ट मुठीने मोजू नका. दोनशे-तीनशे रुपयांचा छोटा वजनकाटा हंगामभराची भीती घालवतो.

विळ्याची परीक्षा

घासलेला विळा किंवा खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. त्यावर तांबूस थर दिसला तर विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे. आणखी चुन्याची निवळी घाला, ढवळा, पुन्हा तपासा. लोखंड जसेच्या तसे राहिले की मिश्रण वापरायला योग्य. पाते साध्या लोखंडाचेच हवे, स्टेनलेस स्टीलच्या सुरीवर ही खूण भरवशाने उमटत नाही. पीएच कागद असेल तर तो ७ किंवा किंचित वर दाखवायला हवा. निळा लिटमस लाल झाला तर थांबा.

विळा आम्लता पकडतो, जास्तीचा चुना पकडत नाही. म्हणून विळा आणि पीएच कागद दोन्ही जवळ असलेले बरे.

एक किलोला एक किलो चुना खरेच लागतो का?

रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो मोरचुदातले तांबे बाहेर काढायला शुद्ध कळीचा चुना २२५ ग्रॅमच्या आसपास पुरतो. मग किलोभर कशाला? एक तर आपल्याला मिळणारा चुना कधीच शंभर टक्के शुद्ध नसतो. दुसरे, जास्तीचा चुना पापुद्र्याला धरून ठेवतो, त्यामुळे तीन-चार महिने कोसळणाऱ्या कोकणातल्या पावसात मिश्रण टिकते आणि तांबे आणखी सावकाश सुटते. पोफळी, माड, संत्र्याचे खोड अशा दणकट भागांवर समप्रमाणच योग्य.

द्राक्ष-डाळिंबाच्या कोवळ्या पालवीवर गोष्ट वेगळी. चांगल्या ताज्या चुन्याने एकास एक प्रमाणात केलेले मिश्रण सुरुवातीला बरेच अल्क असते आणि त्याचाही नाजूक पानाला त्रास होतो. अशा वेळी निवळी एकदम न घालता थोडी थोडी घालत जावे आणि पीएच ७ ते ८ झाला की थांबावे. उरलेला चुना वाया गेला तरी चालेल. छापील प्रमाणापेक्षा कागदाचा रंग खरा मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्या बागेत, कधी

*पोफळी आणि माड.* कोळेरोगात सुपारीच्या देठाकडे पाणी भरल्यासारखे हिरवट काळे डाग पडतात, फळे गळतात आणि गळालेल्या फळावर पांढरी बुरशी चढते. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याच्या अगदी आधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप मिळेल तेव्हा. दोन्ही वेळी एक टक्का. घोस सगळ्या बाजूंनी भिजला पाहिजे, खालून उडवलेला फवारा अर्धवट पोहोचतो. मिश्रणात राळ आणि धुण्याचा सोडा उकळून केलेले चिकट द्रव्य मिसळण्याची जुनी पद्धत आहे आणि ती टिकाऊपणासाठी उपयोगी आहे. पाऊस लांबला तर तिसरी फवारणी लागते. गळालेली फळे आणि वाळलेले घोस बागेत कुजत ठेवून वर कितीही निळे फवारले तरी रोग तिथूनच पुन्हा उठतो.

माडाचा कोंब कुजू लागला की मधले कोवळे पान मलूल होते, ओढले तर सहज हातात येते आणि घाण वास सुटतो. वेळेत लक्षात आले तर कुजका भाग निरोगी गाभ्यापर्यंत खरवडून तिथे बोर्डो मलम भरतात आणि नवा कोंब येईपर्यंत पाऊस जाऊ नये म्हणून वर मडके पालथे घालतात. शेजारच्या माडांच्या शेंड्यावर एक टक्का मिश्रण फवारावे.

*संत्रा-मोसंबी.* विदर्भातल्या संत्रा बागांचा जुना शत्रू म्हणजे डिंक्या. खोडातून डिंक पाझरतो, साल फाटते, झाड हळूहळू वाळते. इथे फवाऱ्यापेक्षा मलम कामाचे. बोर्डो मलम म्हणजे दहा टक्के: मोरचूद १ किलो पाच लिटरमध्ये, चुना १ किलो पाच लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, जमिनीपासून दोन ते तीन फूट खोडाला ब्रशने जाड थर द्यावा. डिंक दिसत असेल तर आधी तो पुसून, रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढावी. खरवडलेली साल झाडाखाली टाकू नये, गोळा करून जाळावी. एक गोष्ट मलमाच्या हातची नाही: कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल किंवा बुंध्याशी पाणी साचत असेल तर डिंक्या परत येणारच. आधी आळे बुंध्यापासून दूर करा.

*द्राक्ष.* महाराष्ट्रातल्या बागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. छाटणीनंतर ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या), काड्या आणि ताज्या जखमा उघड्या असताना एक टक्का बोर्डो मारण्याची वेळ चांगली. पाने नसतात, जळण्याची भीती नसते आणि खोडावर दडलेल्या बुरशीवर थर बसतो. मणी धरल्यावर मात्र टाळावे. खाण्याच्या द्राक्षावर निळे-पांढरे डाग राहिले तर व्यापारी तो माल बाजूला काढतो. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की डाऊनीचा जोर वाढतो. तेव्हा एकट्या बोर्डोवर विसंबून बसू नये, वेळापत्रकातल्या आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणाऱ्या, औषधांची जोड लागते.

*डाळिंब.* तेल्या हा जिवाणूंचा रोग. तांबे जिवाणूंनाही आवरते, पण फळावर डाग पडून तडे गेल्यावर ते फळ वाचवण्याची ताकद कशातच नाही. विश्रांतीच्या काळात झाडावर एक टक्का, छाटणीच्या जखमांना दहा टक्के मलम आणि कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणे, या तीन गोष्टी एकत्र केल्या तरच उपयोग. पालवी आणि फुले असताना तीव्रता निम्मी करावी. नेमक्या तारखांसाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे त्या वर्षीचे वेळापत्रक पाहावे, शेजाऱ्याचे नव्हे.

पानमळ्यात पावसाळ्यात वेलीच्या बुंध्याशी बोर्डोची आळवणी करतात. आंबा-काजूला छाटलेल्या फांद्यांच्या टोकांना मलम लावणे एवढाच वापर बहुतेकांना पुरतो.

केव्हा फवारू नये, काय मिसळू नये

ढगाळ, गार, रिमझिम हवेत कोवळ्या पालवीवर मारू नये. थर वाळायला वेळ लागतो, ओल्या थरातून जास्त तांबे सुटते आणि पानावर जळके ठिपके येतात. भर दुपारच्या उन्हातही नको. सकाळी दव सुकल्यावर सुरुवात करावी, म्हणजे पाऊस येण्याआधी थर वाळायला काही तास मिळतात. पीच, अलुबुखार या फळझाडांची पाने तांब्याने लवकर भाजतात.

बोर्डोत दुसरे काहीही मिसळू नये. मजुरी वाचवण्यासाठी कीटकनाशक त्याच टाकीत ओतले जाते, पण चुन्याच्या अल्कात बरीच सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके फुटून निकामी होतात. गंधकाची चुनायुक्त औषधे, मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके आणि विद्राव्य खते यांचेही बोर्डोशी पटत नाही. दोन फवारण्यांत काही दिवसांचे अंतर ठेवा.

मिश्रण त्याच दिवशी संपवावे. वेळ गेला तसा साक्याचा बारीक कण फुगून स्फटिक बनू लागतो आणि चिकटपणा जातो. रात्रभर ठेवणे अपरिहार्यच झाले तर शंभर लिटरला शंभर ग्रॅम गूळ विरघळवून घालण्याची पद्धत आहे. त्याने ही क्रिया लांबते, थांबत नाही. वेगवेगळे ठेवलेले मोरचुदाचे द्रावण मात्र प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बराच काळ टिकते. म्हणून कमी क्षेत्र असेल तर दोन्ही द्रावणे वेगळी ठेवून लागेल तेवढीच एकत्र करावीत.

हे सगळे करायला वेळ नसेल तर दुकानातले ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराइड आहेच. लिटरला अडीच-तीन ग्रॅम टाकले की झाले, पिंप नको, चुना नको. पण मुसळधार पावसाच्या पट्ट्यात ताज्या बोर्डोइतका त्याचा थर टिकत नाही. कोकणात मी बोर्डोच सांगेन; कोरड्या भागात, थोड्या झाडांसाठी, तयार पावडर वापरण्यात काही गैर नाही.

तांबे जमिनीतच राहते

मोरचूद "जुने, नैसर्गिक, निरुपद्रवी" असा एक समज सेंद्रिय शेतीच्या गप्पांत ऐकू येतो. सेंद्रिय प्रमाणीकरणात तांब्याला मर्यादित परवानगी आहे हे खरे, पण तांबे हा धातू आहे. तो कुजत नाही, उडून जात नाही. पानावरून धुपला की मातीच्या वरच्या थरात बसतो आणि साठत जातो. युरोपातल्या शंभर वर्षे फवारलेल्या द्राक्षमळ्यांच्या मातीत हा साठा इतका झाला की युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली.

आपला हिशेब करून पाहा. हेक्टरी हजार लिटर एक टक्का बोर्डो म्हणजे १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे. अशा दोन फवारण्यांत ५ किलो, युरोपच्या वार्षिक सरासरीच्या पुढे. मातीतली गांडुळे आणि सूक्ष्मजीव वाढत्या तांब्याने कमी होतात, विशेषतः आम्ल जमिनीत, आणि कोकणातली जांभी माती आम्लच आहे. म्हणून "एक जादा फवारणी मारून ठेवू" या सवयीला आळा घालावा आणि दर काही वर्षांनी माती परीक्षणात तांब्याचा आकडा मागून घ्यावा.

बागेबाहेरचे मोरचूद

गुरांचे खूर सडू लागले तर पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यातून त्यांना चालवतात. ते पाणी त्यांनी पिऊ नये. मेंढ्या तांब्याला फार नाजूक असतात, त्यांच्यासाठी पशुवैद्यकाला विचारून झिंक सल्फेट घ्यावे. शेततळ्यातले शेवाळ मोरचुदाने मरते, पण मासेही मरतात. तळ्यात मासे असतील तर हा विचारच सोडावा आणि पिण्याच्या विहिरीत तर मुळीच नको. तांब्याचा मुलामा देण्याच्या कारखान्यांत हेच निळे द्रावण वापरतात. रक्तदान शिबिरात बोटातून काढलेला थेंब निळ्या द्रावणात सोडतात तेही मोरचूदच, १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या त्या द्रावणात थेंब बुडाला की हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमच्या वर आहे असे धरतात.

सुरक्षितता आणि आवराआवर

मोरचूद पोटात गेले तर जीवघेणे ठरते. काही ग्रॅमही गंभीर, आणि दहा-वीस ग्रॅमने मृत्यू होऊ शकतो. निळी-हिरवी उलटी, पोटात आग, नंतर रक्तपेशी फुटणे आणि मूत्रपिंड निकामी होणे असा क्रम असतो. उलटी काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे वगैरे घरगुती उपाय करू नका. शुद्धीवर असेल तर तोंड धुवा, १०८ ला फोन करा आणि मोरचुदाची पिशवी बरोबर घेऊन थेट रुग्णालयात न्या. डोळ्यात उडाले, मग ते मोरचूद असो की चुना, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे भुरळ घालतात, म्हणून ते मूळ पाकिटात, कुलपात ठेवा. रिकाम्या बाटलीत किंवा डब्यात भरू नका.

फवारताना लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, आणि वाऱ्याची दिशा पाठीमागून. पंप पितळी किंवा प्लॅस्टिकचा चालतो. काम संपल्यावर टाकी, नळी आणि नोझल दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणी बागेतच, फवारलेल्या झाडांच्या ओळीत टाका. ओढ्यात, विहिरीच्या काठी किंवा जनावरांच्या हौदाजवळ नाही. नोझलवर निळे-पांढरे कीट बसले असेल तर ते सुटे करून थोड्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा, जुन्या ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने पुन्हा धुऊन ठेवा.